समाजशास्त्राच्या पेपरात ‘मी’ लिहायचा की नाही?

शहापूरची:
बीएचं शेवटचं वर्ष, समाजशास्त्र. सरांनी वर्गात देवदासी प्रथेवरचा ‘जोगवा’ सिनेमा दाखवला, राजीव पाटलांचा २००९ चा, आणि दोन पानी रिअ‍ॅक्शन पेपर लिहायला सांगितला. स्टोरी नको, अ‍ॅक्टिंग कशी झालीय तेही नको, बघताना तुम्हाला काय झालं ते लिहा आणि ते विषयाला जोडा. आमची आजी मार्गशीर्षात रांडाव पुनवेला, म्हणजे यल्लम्मा देवी विधवा होते त्या पुनवेला, कर्नाटकातल्या सौंदत्तीला जायची, लहानपणी मीपण गेलेय, यल्लम्माच्या डोंगरावर बायकांच्या बांगड्या फोडतात ते बघितलंय आणि तेव्हा मला ती जत्रा म्हणजे भंडारा, गर्दी आणि मजा एवढीच वाटायची. सिनेमात सुलीच्या केसात जट निघते, ते देवीचं बोलावणं मानून तिला देवीच्या सेवेला सोडतात आणि तिचं लग्न, घर, सगळं तिथंच संपतं, ते बघताना मला त्या जत्रेत डोक्यावर जग, म्हणजे देवीची मूर्ती असलेली टोपली, घेऊन बसलेल्या बायका आठवल्या, त्यांच्याकडे मी कधी नीट बघितलंच नव्हतं. तेच लिहिलं. आता वर्गातले अर्धेजण म्हणालेत असले पेपर बंद करा, गाईडमधले प्रश्न द्या. मला वाटतं बंद करू नयेत, तीन वर्षांत पहिल्यांदा काहीतरी स्वतः विचार करून लिहिलंय मी. तुम्हाला काय वाटतं?

खानापूरकर:
ताई, राग मानू नका पण हे शास्त्र आहे, डायरी नव्हे. कर्नाटकात देवदासी बंदीचा कायदा १९८२ मध्येच झाला, तरी प्रथा लपूनछपून का चालू राहिली, कुठल्या जातीतल्या पोरी देवाला सोडल्या जातात, त्यांच्याकडे जमीन किती, त्यांच्या पोरांच्या फॉर्मवर बापाच्या नावाच्या रकान्यात काय लिहायचं, हे प्रश्न आहेत. आजीबरोबरची जत्रा हा पुरावा होत नाही. आणि सिनेमा म्हणजे दिग्दर्शकानं निवडून दाखवलेलं गाव, त्यावर आपल्या भावना, म्हणजे खऱ्या बायकांपासून दोन पावलं लांबच. देवीला सोडलेल्या एका जोगतिणीशी तासभर बोलायला पाठवा की पोरांना.

निपाणीचा मास्तर:
खानापूरकर, पुराव्याचं बरोबर आहे पण ‘मी’ वगळला की शास्त्र होतं हे मला पटत नाही. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवासांचं बघा. १९४८ ला म्हैसूरकडच्या एका गावात राहून टिपणं काढली, १९७० मध्ये स्टॅनफर्डला लागलेल्या आगीत त्यांवरून नीट लिहून काढलेल्या प्रती जळाल्या, मग बरंचसं आठवणीवरून लिहून १९७६ ला पुस्तक काढलं. त्यात स्वतः ब्राह्मण असल्यामुळं गावातल्या कुणाशी जवळीक झाली आणि कुणाशी झाली नाही हेही मांडलंय. ‘मी’ कुठं उभा आहे ते कळल्याशिवाय मला काय दिसलं ते तपासणार कसं? पोरांना मी एवढंच सांगतो, तुम्हाला रडू आलं तर कुठल्या सीनला आलं ते लिहा, आणि शेजारच्याला का नाही आलं तेही विचारा. सिनेमात देवीला सोडलेल्या तायप्पाला साडी नेसवतात तेव्हा वर्गातली पोरं हसतात. का हसतात? खरा पेपर तिथून सुरू होतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सी. राईट मिल्स १९५९ मध्ये हेच सांगत होता, एकाची अडचण आणि समाजाचा प्रश्न यांना जोडून बघा.

हुक्केरीकडची:
सर, तुमचं वाचून बरं वाटलं पण माझं ऐका. माझ्या सख्ख्या मावशीला जट आली म्हणून देवीला सोडलेलं. आमच्या वर्गात पेपर सगळ्यांपुढं उभं राहून वाचायला लावतात. साठ पोरं. मी काय लिवायचं होतं सांगा की? मी गपगुमान स्टोरी लिवली, दहातले तीन मार्क आले, खाली शेरा ‘वैयक्तिक प्रतिक्रिया नाही’. ज्यांनी जोगतीण लांबून बघितली त्यांनी मोकळेपणानं लिवलं, त्यांना आठ नऊ. आणि मला जे वाटलं ते मराठीत वाटलं, पेपर इंग्लिश नाहीतर कन्नडमध्ये द्यायचा. जट, जग, परडी, हे इंग्लिशमध्ये काय लिवू, खाली समजावून सांगत बसलं की वाटणंच निघून जातं.

खानापूरकर:
हेच म्हणत होतो मी. मार्कांसाठी घरातलं काढायला लावणं चुकीचं आहे.

निपाणीचा मास्तर:
हे मी वर लिहिताना ध्यानातच घेतलं नव्हतं. वाचायला मीसुद्धा लावतो. ते थांबवेन. पण पेपर बंद करून तिला न्याय मिळत नाही, उलट गाईडमध्ये तिच्या मावशीबद्दल चार ओळी येतील आणि त्या दुसऱ्याच कुणाच्या असतील.

शहापूरची:
हुक्केरीकडची, तुझं वाचल्यावर माझा पेपर परत काढून बघितला. जत्रेतल्या बायकांवर अर्धं पान लिहिलंय पण त्यांच्यातली कुणाची भाची, पोरगी माझ्याच बाकावर बसत असेल हे एका ओळीतही आलेलं नाही. माझं मत तेच आहे, पेपर राहावेत, पण सिनेमा निवडायची मुभा पाहिजे, दोन-तीन सिनेमे द्या की, आणि पेपर सरांशिवाय कुणी वाचायचा नाही, भाषा ज्याची त्याला. सोमवारी सरांना भेटून हे तीन मुद्दे सांगणार आहे, तुझं नाव-गाव काही न सांगता. मावशीचा उल्लेखही नको असेल तर आजच कळव.

हुक्केरीकडची:
मावशीचं नको. मार्कांचं सांग. आणि भाषेचं नक्की सांग.