शब्दचर्चा : नात आजीला ‘चुकवते’ तेव्हा

प्रश्न, इंदिरानगरहून

माझी भाची चौथीत आहे, इंग्रजी माध्यमात. भाषांतराच्या वहीत वाक्य आलं, ‘आय मिस माय ग्रँडमदर.’ पोरीने मोबाइलवर मिसचा अर्थ शोधला, ‘चुकवणे’ असा मिळाला आणि तिने बिनधास्त लिहिलं, ‘मी आजीला चुकवते.’ घरात हसून मुरकुंडी वळली. जणू आजी उधारी वसूल करायला दारात उभी आहे! बाईंनी लाल पेनने ते खोडून वर लिहिलं, ‘मी आजीची आठवण काढते.’ हेही मनाला पटेना, पण का पटत नाही ते सांगता येईना. जाणकारांनी उलगडून सांगावं.

उत्तर

ताई, खटकतंय ते ‘काढते’. आठवण काढणं हे ठरवून केलेलं काम आहे. चार माणसं जेवायला बसली, ताटात मांडे आले, की आपण आजीच्या हातच्या मांड्यांची आठवण काढतो. आठवण येते तेव्हा मात्र आपल्या हातात काही नसतं. शाळेतून आल्यावर दप्तर टाकून पोरगी सवयीने आजीच्या खोलीत डोकावते आणि पलंग रिकामा दिसतो, ते ‘मिस’.

आता मूळ बघा. जुन्या इंग्रजीत हे क्रियापद ‘मिस्सन’ असं होतं आणि त्याचा अर्थ नेम न लागणे, हुकणे. जर्मनमध्ये त्याचं भावंड ‘फरमिसन’ आजही आहे, पण तिकडे ते फक्त माणसाच्या किंवा वस्तूच्या उणिवेला वापरतात. गाडी चुकली तर वेगळं क्रियापद. इंग्रजीत सगळं एकाच मिसमध्ये कोंबलंय. त्यात कोणी नसल्याची हुरहुर हा अर्थ मागाहून, पंधराव्या शतकाच्या अखेरीस आला. म्हणजे आधी बाण चुकला, मग माणूस.

गंमत अशी, की आपलं ‘चुकणे’ याच वाटेने चालत आलंय. बाराव्या शतकात हेमचंद्राने प्राकृताचं व्याकरण लिहिलं. त्यात ‘भ्रंश्’ धातूऐवजी वापरायची रूपं दिली आहेत, त्यांत ‘चुक्क’ आहे आणि शेजारीच ‘भुल्ल’. भ्रंश म्हणजे जागेवरून घसरणं, सुटणं. त्या घसरण्यातून आपल्याकडे नेम चुकतो, वाट चुकते, लेकरू आईला चुकतं, आणि लेक सासरी गेली की घरात चुकल्याचुकल्यासारखं होतं. तेव्हा भाचीच्या मोबाइलने शब्द बरोबर कुळातला दिला होता. फक्त ‘चुकणे’च्या जागी ‘चुकवणे’ आलं आणि प्रेमळ नातीची कामचुकार नात झाली.

सिंहस्थात रामकुंडावर गेलेल्यांना आठवत असेल, भोंग्यावरून दिवसभर पुकारा चाललेला असतो: अमक्या गावच्या आजी चौकीत बसल्या आहेत, त्यांच्या माणसांनी घेऊन जावं. त्याला आपण चुकामूक म्हणतो. कोण कोणाला चुकलं याचा निवाडाच नाही, दोघंही चुकले. इंग्रजीत हे एका शब्दात सांगून दाखवा!

पण खरी मेख कर्त्यात आहे. इंग्रजी माणूस म्हणतो, मी बस मिस केली, मी तुला मिस करतो. प्रत्येक ठिकाणी ‘मी’ पुढे. मराठीत बस चुकते, संधी हुकते, आठवण येते, उणीव भासते. ‘मी’ बाजूला, ‘मला’ होऊन बसलेला. फ्रेंचही या बाबतीत आपल्यासारखी आहे. त्यांच्या वाक्याचा शब्दशः अर्थ ‘तू मला कमी पडतेस’ असा होतो. म्हणून ‘मी तुला मिस करतोय’ हे ‘करतोय’ लावून मराठी केलेलं वाक्य मला फार उपरं वाटतं. व्हॉट्सअ‍ॅपवर सगळे लिहितात, मीही लिहिलंय, पण तोंडाने म्हणायला गेलं की जीभ अडते.

नाशिकरोडहून

दादा, आमच्या पासवाल्यांमध्ये ‘आज पंचवटी चुकली’ म्हटलं की नवीन माणूस विचारतो, रस्ता चुकलात का? अहो, गाडी! मुंबईला जाणारी सकाळची पंचवटी एक्सप्रेस. चुकली की दिवस वाया. आणि ‘हुकली’ म्हणजे वेगळं: धावत जिन्यावरून उतरलो, शेवटचा डबा समोरून सरकताना दिसला, ती हुकली. घरूनच उशिरा निघालो तर नुसती चुकली.

उत्तर

हा फरक शब्दकोशात सहसा सापडत नाही, पण तो अचूक आहे. हुकण्यात वीतभर अंतर असतं, हाताशी येऊन गेलेलं. झेल हुकतो, नंबर एका मार्काने हुकतो. त्याची चुटपुट लागून राहते, तीही मिसच्या जवळची.

पिंपळगाव बसवंतहून

आमच्याकडे चुकणे म्हटलं की आधी चुकारा आठवतो. कांदा विकला, चुकारा कधी? द्राक्षाचा चुकारा व्यापाऱ्याकडे अडकला की वर्ष गेलं. पैसे देणं आणि नेम चुकणं, हे दोन्ही एकाच शब्दात कसं बसलं?

उत्तर

हे दोन वेगळे शब्द आपल्याकडे येऊन एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतात. हिंदीत ते उकारावरून ओळखू येतात. दीर्घ ‘चूकना’ म्हणजे हुकणे. ऱ्हस्व ‘चुकना’ म्हणजे संपणे, आणि ‘खा चुका’ मधलं चुकणं ते हे. त्यापासून ‘चुकाना’, म्हणजे देणं संपवणं. आपला हिशोब चुकता होतो आणि कांद्याचा चुकारा मिळतो तो याच्या घरचा. मराठीत दोन्हींकडे ऱ्हस्वच उकार, म्हणून ‘कर्ज चुकवलं’ म्हणजे फेडलं की टाळलं, हे ज्याचे पैसे आहेत त्यालाच विचारावं.

ओझरहून

इथे वरून विमानं जातात, म्हणून पोरांना मिसाईलचं भारी कौतुक. माझा मुलगा विचारतो, जे मिस होतं त्याला मिसाईल म्हणतात का? आणि वर्गातल्या मिस कोणाला मिस करतात? तुमची चर्चा वाचून त्याने मिसळही यात ओढली.

उत्तर

मिसाईल लॅटिनमधल्या ‘पाठवणे, फेकणे’ या अर्थाच्या धातूचं, मिशनही त्याच घरातलं. वर्गातल्या मिस ‘मिस्ट्रेस’चं तोकडं रूप. आपल्या मिसशी दोघांचा थेट संबंध नाही.

मिसळीचं मात्र त्याला शाबासकी देऊन सांगा. मिसळ आली ‘मिश्र’वरून, आणि इंग्रजी ‘मिक्स’ ज्या लॅटिन धातूवरून आलं तो संस्कृत मिश्रचा लांबचा भाऊ. म्हणजे मटकी, फरसाण आणि तर्री एकत्र आल्यावर होते ती मिसळ, मिक्सच्या नात्यातली. नाशिककराला रविवारी ती मिळाली नाही तर जे होतं, ते मिस.

एक राहिलंच. ‘मिस कॉल दे’ ही आपली खास कमाई. इंग्रजीत फोन घेणाऱ्याकडून तो मिस होतो, आपण तो ‘देतो’. गेटपाशी आलो की मिस कॉल देतो, खाली ये. न चुकता द्यायची चूक!

ताई, वहीत माझ्या मते असं लिहावं: ‘आजी नसली की मला करमत नाही.’ करमतं, मळमळतं, उजाडतं या वाक्यांना कर्ताच नसतो, क्रियाच सगळं सांभाळते. इंग्रजीत याला जोड नाही.

पुन्हा इंदिरानगरहून

तेच लिहिलं. वही आज परत आली. बाईंनी बरोबरची खूण केलीय, पण अर्धा मार्क कापलाय. खाली शेरा: ‘कर्ता कुठे गेला?’