पुज्देमाँ: खोट पळण्यात की त्याआधीच्या दिवसात?

कोपऱ्यावरचा

कातालोनिया स्पेनपासून वेगळा करायला निघालेल्या कार्लेस पुज्देमाँचा विषय निघाला की चर्चा लगेच 'पळपुटा' की 'हुतात्मा' यावर घसरते. (उच्चारावरून भांडू नका, कॅटलान लोकांची आधीच क्षमा मागतो.) माझा आक्षेप त्याच्या बेल्जियमला जाण्यावर नाहीच. त्याच्या तीन-चार दिवस आधी, २६ ऑक्टोबर २०१७ ला जे घडलं त्यावर आहे.

जिरोना प्रांतातल्या आमेर गावच्या बेकरीवाल्याचा हा मुलगा. पेशाने पत्रकार, मग २०११ पासून जिरोनाचा महापौर. जानेवारी २०१६ मध्ये डाव्या 'कूप' पक्षाने आर्तुर मास यांना पाठिंबा नाकारला आणि ऐनवेळी याचं नाव पुढे आलं. म्हणजे कातालोनियाचं अध्यक्षपद (आपल्याकडचं मुख्यमंत्रिपद समजा) तडजोडीतून मिळालेलं. १ ऑक्टोबर २०१७ चं स्वातंत्र्यावरचं सार्वमत न्यायालयाने थांबवलेलं, पोलिसांनी केंद्रांवर लाठ्या चालवलेल्या, तरी ४३ टक्के मतदान झालं. त्यात ९० टक्के 'हो', कारण 'नाही'वाले बहुतेक घरीच बसले.

२६ तारखेला सकाळी तो स्वातंत्र्याऐवजी निवडणूक जाहीर करणार हे जवळपास ठरलं होतं. मग आपल्याच लोकांनी 'गद्दार' म्हणायला सुरुवात केली. स्वातंत्र्यवादी खासदार रुफियानने '१५५ चांदीची नाणी' एवढंच ट्वीट केलं: कलम १५५ (प्रांताचा कारभार माद्रिदने हाती घेण्याचं) आणि चांदीच्या नाण्यांसाठी येशूला विकणारा यूदा, दोन्ही एका दगडात. संध्याकाळपर्यंत बेत बारगळला. दुसऱ्या दिवशी विरोधकांच्या सभात्यागात ७० विरुद्ध १० मतांनी प्रजासत्ताक घोषित झालं, आणि सरकारी वाड्यावरचा स्पेनचा झेंडा कुणी खाली उतरवलासुद्धा नाही!

ट्वीटला घाबरणाऱ्याने देश जन्माला घालायला निघू नये, हे माझं म्हणणं.

मिरजकर

अर्धीच गोष्ट सांगितलीत. निवडणूक घेतली तर १५५ लावणार नाही, एवढी हमी त्याला माद्रिदकडून हवी होती. पंतप्रधान राहॉय यांनी ती दिली नाही, आणि हे तो त्याच दिवशी भाषणात बोलला. हमीशिवाय निवडणूक म्हणजे हात वर करून बाहेर येणं.

मुळात दुखणं २०१० चं. २००६ चा स्वायत्ततेचा कायदा कातालोनिया आणि स्पेन, दोन्ही संसदांनी मंजूर केला, कॅटलान जनतेने सार्वमतात स्वीकारला, आणि चार वर्षांनी घटनात्मक न्यायालयाने त्याला कात्री लावली. मत देऊन मिळालेलं असं जाणार असेल तर माणसं रस्त्यावर येणारच.

आणि पळून जाण्याचा उपयोग झाला. २०१८ मध्ये श्लेस्विगच्या जर्मन न्यायालयाने बंडाच्या आरोपाखाली त्याला स्पेनकडे सोपवायला नकार दिला. निधीच्या गैरवापरासाठी परवानगी होती, तर स्पेनने वॉरंटच मागे घेतलं. पुढे स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयानेही बाकीच्यांना बंडासाठी नव्हे, राजद्रोहासाठी शिक्षा दिली.

नाव_नको

त्या 'बाकीच्यांत' ओरिओल जुंकेरास होता. उपाध्यक्ष. तो पळाला नाही. १३ वर्षांची शिक्षा, साडेतीन वर्षांहून जास्त काळ गजाआड, मग जून २०२१ मध्ये माफी. आणि डिसेंबर २०१७ च्या निवडणुकीत पुज्देमाँच्या यादीला ३४ जागा, जुंकेरासच्या पक्षाला ३२. ब्रुसेल्सहून प्रचार करता येतो, कोठडीतून नाही. उपयोग झाला खरा, कुणाला ते लिहायचं राहिलं तुमचं.

पेटारा

८ ऑगस्ट २०२४ विसरलात का! अटक वॉरंट असताना बार्सिलोनात हजारोंसमोर भाषण ठोकलं आणि गायब. पोलिसांच्या नाकाबंदीचं नाव काय, तर 'पिंजरा'. आग्र्याहून सुटकाच ही.

नाव_नको

महाराज सुटून राजगडावर आले हो. हा सुटून बेल्जियमला परत गेला. राहतो त्या गावाचं नावही वॉटर्लू. आणि त्याच दिवशी बार्सिलोनात समाजवादी साल्वादोर इया अध्यक्ष झाले.

मांडवीकाठ

आमच्या गोव्यातही १६ जानेवारी १९६७ ला कौल झाला. संसदेने कायदा केला, बांदोडकरांचं सरकार आधी पायउतार झालं, दोन्ही बाजू मतदानाला उतरल्या. निकाल महाराष्ट्रात विलीन होण्याविरुद्ध गेला, तो हरलेल्यांनीही पचवला. कातालोनियात स्वायत्ततेचा कायदा बदलायला १३५ पैकी ९० मतं लागतात आणि वेगळा देश करायला साधं बहुमत पुरतं? २०१५ ला दोन्ही स्वातंत्र्यवादी याद्यांची मिळून मतं ४८ टक्केही नव्हती.

मिरजकर

मग संसदेने कायदा करून कौल घ्या, हेच तर ते मागत होते! माद्रिदने कधी दिला? गोव्याचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे, आभार.

कोपऱ्यावरचा

हा मुद्दा बिनतोड, मान्य. राहॉय यांचा ताठरपणा मी कमी लेखला.

तरी त्याचा हिशेब बघा. २०२३ ला स्पेनच्या संसदेत त्याच्या पक्षाला फक्त ७ जागा, पण पंतप्रधान राहायला सांचेझना त्याच हव्या होत्या. त्यातून स्वातंत्र्यवाद्यांच्या माफीचा कायदा निघाला, १७७ विरुद्ध १७२. तो शेकडोंच्या कामी येणारा, हे श्रेय त्याचंच. स्वतः त्याचं घोडं मात्र सर्वोच्च न्यायालयात निधीच्या गैरवापरावर अडलं. २०२४ च्या निवडणुकीआधी म्हणाला, अध्यक्ष झालो नाही तर सक्रिय राजकारण सोडेन. झाला नाही. ऑक्टोबरात पक्षाचा अध्यक्ष होऊन बसला.

आणि झेंड्याचं उत्तर अजून कुणीच दिलेलं नाही, मिरजकर.