सापांचं प्रसारक्षेत्र: चौकोन मोजावेत की बहुभुज काढावा?

सह्यवाट
पश्चिम घाटातल्या सापांच्या प्रसारक्षेत्राचा आकार आणि अंगाची लांबी यांचा संबंध तपासतोय. नोंदी जीबिफ या जीवनोंदींच्या खुल्या जागतिक साठ्यातल्या, त्यात बऱ्याच आयनॅचरलिस्टवरून, म्हणजे लोक फोटोसह नोंदी टाकतात त्या संकेतस्थळावरून, आलेल्या. नोंद असलेले 2×2 किमीचे चौकोन मोजले (एओओ, म्हणजे व्यापलेलं क्षेत्र) तर मोठ्या सापांचं क्षेत्र मोठं, हे ठळक दिसतं. सगळ्यात बाहेरच्या नोंदी जोडून बहुभुज काढला (ईओओ, म्हणजे एकूण विस्तार) की तोच संबंध ढिला पडतो. कुठलं धरू?

नकाशाघर
एकट्यावर कुठल्याच विसंबू नका. एओओत प्रत्येक नव्या चौकोनामागे 4 चौ. किमी वाढतात, म्हणून तो आकडा नोंदींच्या संख्येबरोबर फुगत जातो. धामण घरामागेही दिसते, तिचे फोटो ढीगभर. खापरखवल्या हा छोटा साप मातीखाली राहतो, पावसाळ्यात वर आला तर आला. तुमच्या ठळक संबंधात "कोण सहज दिसतं" याचा वाटा मोठा असणार.

बहुभुजाचं दुखणं वेगळं. बांबूवरचा चापडा पश्चिम घाटात आहे आणि पूर्व घाटातही. टोकं जोडली की मधलं कोरडं दख्खन फुकटात त्याच्या नावावर जमा.

आधी नोंदी गाळा. धोक्यातल्या जातींची जागा आयनॅचरलिस्ट मुद्दाम धूसर करतं, बिंदू 0.2 अंशाच्या चौकटीत, म्हणजे साधारण 20 किमीत, कुठेही पडतो. 2 किमीच्या चौकोनासाठी अशी नोंद निरुपयोगी. जिल्ह्याच्या मध्यबिंदूवर ठोकलेल्या, संग्रहालयांतल्या जुन्या नोंदीही काढून टाका. क्षेत्रफळ समक्षेत्र प्रक्षेपणातच (क्षेत्रफळ न बिघडवणाऱ्या नकाशापद्धतीत) मोजा, अंशांत नको.

मग अल्फा हल काढा: बिंदूंचं त्रिकोणी जाळं करून सरासरी लांबीच्या दुपटीपेक्षा लांब रेषा पुसायच्या. चापड्याचे दोन घाट तिथे बहुधा सुटे होतील. शेवटी प्रत्येक जातीचे 15 बिंदू यादृच्छिक निवडून हजार वेळा क्षेत्र काढा, मध्यक घ्या. 15 पेक्षा कमी नोंदींच्या जाती यात गळतात, आणि त्याच बहुतेक प्रदेशनिष्ठ, म्हणजे एकाच भागात सापडणाऱ्या, असतात. म्हणून नोंदींच्या संख्येचा लॉग (लॉगॅरिदम) सहचल, म्हणजे जिचा परिणाम वेगळा काढायचा ती राशी, म्हणून घेऊन सगळ्या जातींचं विश्लेषणही शेजारी ठेवा.

रानहिरवा
नावं तपासलीत का? द्वीपकल्पातले बरेचसे हिरवे हरणटोळ पूर्वी अहेतुल्ला नासुता या शास्त्रीय नावाने नोंदले जायचे. 2020 च्या फेरमांडणीत ते नाव श्रीलंकेपुरतं उरलं. उत्तर सह्याद्रीतला बोरिआलिस झाला, कोरड्या मैदानातला ऑक्सिरिंका. जुनं नाव ठेवलंत तर एकच अवाढव्य क्षेत्र, फोडलंत तर घाटात लहान क्षेत्रांची रांग. अक्षांशानुसार क्षेत्र बदलतं का, याचं उत्तर इथेच फिरू शकतं. जुन्या नोंदींना नुसत्या ठिकाणावरून नवं नाव लावू नका. मग सीमा तुम्हीच आखलेली असते.

आणि खापरखवल्ये वगळून एकदा चालवा. एकाच कुळातल्या, बहुतेक छोट्या अंगाच्या आणि छोट्या क्षेत्राच्या इतक्या जाती लांबी-क्षेत्र आलेखाचा सगळा उतार एकट्याने ओढू शकतात. वंशवृक्ष धरून केलेलं पीजीएलएस, म्हणजे जातींमधलं नातं हिशेबात घेणारं समाश्रयण, हवंच.

सह्यवाट
मॅक्सएंटने, म्हणजे नोंदी आणि हवामानावरून अनुकूल जागा वर्तवणाऱ्या प्रणालीने, क्षेत्र काढलं तर?

नकाशाघर
चालेल, पण पार्श्वभूमीचे (तुलनेसाठीचे) बिंदू सगळ्या सापांच्या नोंदींतून घ्या, कारण नोंदी रस्त्यांलगतच साचतात. अनुकूल हवामान दिसलं म्हणून साप तिथे आहेच असं नाही; पालघाट खिंडीपलीकडचा अनुकूल भाग मातीखालच्या जातीला गाठता आलेला नसतो, तो कापा. पुढे क्षेत्र आणि हवामानाचा संबंध तपासणार असाल तर हा नकाशा वापरूच नका. तो हवामानावरूनच बनलाय, संबंध निघणारच.