मुलगी नववीत, ॲस्ट्रॉनॉमी करायचं म्हणतेय, रस्ता काय असतो?

नववीची_आई
विज्ञान दिनाला शाळेची ट्रिप खोडदला गेलेली, नारायणगावजवळ जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघायला, तिथून आल्यापासून पोरीचं एकच, मला हेच करायचंय. एवढ्या ४५ मीटरच्या तबकड्या आणि आत डोळा लावायला काहीच नाही, मग ही दुर्बीण कशी असं विचारत बसते. आणि तिथे मोबाईल बंद करायला लावले त्याचंच तिला भारी कौतुक. हे म्हणतात कॉम्प्युटर इंजिनीअरिंग कर आणि तारे रविवारी बघ. आमच्या घरात सायन्सला कोणीच गेलेलं नाही हो, विचारायचं कोणाला?

रेडिओवाला
ताई, मी याच लाइनीत आहे. आधी बारावी सायन्स, मग आयसर (केंद्र सरकारच्या विज्ञान संस्था) किंवा साधं बीएस्सी फिजिक्स, मग एमएस्सी आणि पीएचडी. आयसरला आयएटी नावाची वेगळी परीक्षा असते, त्यात बायोलॉजीचे पण प्रश्न येतात, पीसीएमवाली पोरं तिथेच मार खातात, म्हणून अकरावीचे विषय घेताना हे डोक्यात ठेवा. दहावीपर्यंतच्यांना एनएसईजेएस आहे, ज्युनियर सायन्स ऑलिम्पियाडची पहिली पायरी, नाही निघाली तरी बसू द्या, प्रश्न मस्त असतात, पाठांतर चालत नाही. आणि साहेबांना सांगा, खोडदच्या त्या ३० अँटेनांमागे निम्मं काम इलेक्ट्रॉनिक्सचंच आहे, रिसीव्हर, सिग्नल प्रोसेसिंग वगैरे. बीटेक करूनही आयुका, एनसीआरए या पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संस्थांत पीएचडीला येता येतं, म्हणजे घरात भांडायची गरजच नाही 😄

खरं_बोलू_का
सगळं गोड गोड नको. पीएचडीला सुरुवातीला फेलोशिप महिना ३७ हजार, तोवर बरोबरचे आयटीवाले फ्लॅटचे हप्ते भरत असतात, नंतर पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधनाच्या नोकरीसाठी, दोनतीन देश हिंडायचं, आणि कायमची जागा मिळेपर्यंत पस्तिशी येते. माझा भाऊ यातून गेलाय, खूश आहे, पण आईनं फार वर्षं काळजी केली.

गणिताच्या_बाई
नववीत कसली पस्तिशी मोजताय! आयुकात शाळेच्या मुलांसाठी शनिवारी व्याख्यानं असतात, एकदा घेऊन जा, बाकी त्रिकोणमिती आवडते का तेवढं बघा.

नववीची_आई
थँक्यू सगळ्यांना. रेडिओवाले दादा, तुमचं इलेक्ट्रॉनिक्सचं ह्यांना वाचून दाखवलं, काही बोलले नाहीत पण ३७ हजार दोनदा विचारलं. बाई, त्रिकोणमितीत मार्क बरे आहेत, आवडते का ते विचारलंच नव्हतं कधी.