हायड्रोपोनिक्सचा पालक पिवळा पडतोय, मुळांना वास येतोय. काय चुकतंय?

वाघोलीचा_नवशिक्या
नमस्कार मंडळी. बाल्कनीत माती आणायची नाही अशी घरून सक्त ताकीद आहे (कुंडीतलं पाणी खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या साडीवर गळून एकदा जोरात वाजलंय), म्हणून मार्चमध्ये ऑनलाइन क्रॅटकीचं (माती आणि पंपाशिवाय, खताच्या पाण्यातच भाजी वाढवायची हायड्रोपोनिक्सची पद्धत) किट मागवलं. १२ लिटरचा पारदर्शक टब, झाकणाला ६ भोकं, नेट पॉट (जाळीच्या छोट्या कुंड्या), कोकोपीट आणि बाटलीतलं खत. बाटली दोन आठवड्यांत संपली, विकणाऱ्याला फोन केला तर तो आता उचलतच नाही. मग शेतीच्या दुकानातून १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विरघळणारं खत) आणलं, लिटरला १ ग्रॅम टाकतोय. चार पानांपर्यंत पालक मस्त होता, आता नवीन येणारं पान पिवळंच येतं पण शिरा हिरव्या राहतात, आणि काल झाकण उचललं तर मुळं उकडलेल्या शेवयांसारखी लिबलिबीत तपकिरी, वास गटारीचा. पाणी मी रोज झाकणापर्यंत भरतो, कमी पडू देत नाही. सोसायटीत बोअरचं आणि टँकरचं मिक्स पाणी येतं. अजून खत वाढवू का?

गच्चीवाला_हडपसर
खत नका वाढवू हो. आधी ते रोज पाणी भरणं बंद करा, तिथेच निम्मा घोळ आहे. क्रॅटकीत पाणी हळूहळू खाली जायलाच पाहिजे, वरची उघडी पडलेली मुळं हवा घेतात आणि खालची पाणी पितात, तुम्ही झाकणापर्यंत भरता म्हणजे हवेची मुळं बुडवून मारताय. हवाईच्या विद्यापीठातल्या क्रॅटकींनी ही पद्धत केली ती पंपाशिवाय चालावी म्हणूनच, त्यातली ती मोकळी जागा म्हणजेच पंप समजा. रोप लहान असताना पाणी नेट पॉटच्या बुडाला टेकेल एवढं, नंतर भरायचं झालंच तर अर्ध्यापर्यंत.
आणि पारदर्शक टब?! आतून हिरवा बुळबुळीत थर आला असेल बघा, शेवाळ. बाहेरून काळा रंग द्या, त्यावर पांढरा, नाहीतर एप्रिलच्या उन्हात पाणी तापतं. पाणी २५-२६ अंशांच्या वर गेलं की त्यात ऑक्सिजन कमी राहतो आणि मुळं सडायला लागतात. मी टबाभोवती ओलं गोणपाट गुंडाळतो, माठासारखं.

कोथरूडची_काकू
अरे, तुझी पानं पिवळी पडतात त्याचं कारण वेगळंय, ते पाण्यात आहे. माझ्या घरी महापालिकेचं खडकवासल्याचं पाणी, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटरवर ९० च्या आसपास दाखवतो, काही टाकलं तरी चालतं. तेच सगळं घेऊन मुलीकडे पिंपळे सौदागरला लावलं तर तुझ्यासारखंच झालं, तिच्या बोअरचा टीडीएस ८५० निघाला. पुणं एकच असलं तरी पाणी एक नाही बाबा. किट घेण्याआधी तीनशे-चारशेचा टीडीएस मीटर घ्यायचा, इलेक्ट्रॉनिक्सच्या तपकीर गल्लीत मिळून जाईल. आणि पीएचचे (पाणी आम्ल की अल्कली ते दाखवणारे) थेंब, मासे पाळणाऱ्यांच्या दुकानात असतात ते.
दुसरं म्हणजे नेट पॉटच्या बाजूला फट ठेवू नकोस, डासांच्या अळ्या होतात. महापालिकेची माणसं डेंगीसाठी तपासायला येतात आणि अळ्या सापडल्या तर नोटीस देतात, शेजारणीला कुलरवरून मिळालीये.

ईसी_वाला
काकू बरोबर बोलतायत. नवीन पान पिवळं आणि शिरा हिरव्या म्हणजे लोह मिळत नाहीये. जड, क्षारांच्या पाण्यात पीएच साडेसातच्या वर असतो, तिथे लोह असूनही झाडाला घेता येत नाही. पालेभाजीला ५.५ ते ६.५ ठेवा. लिंबू-व्हिनेगरने पीएच उतरतो पण दोन दिवसांत परत वर, फॉस्फरिक ॲसिडचं पातळ द्रावण टिकतं (हातमोजे घाला, आणि ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही).
१९:१९:१९ बंदच करा. त्यातलं नायट्रोजन निम्म्याहून जास्त युरियाचं असतं, ते मातीतल्या जिवाणूंनी फोडल्यावर झाडाला नीट मिळतं, तुमच्या टबात माती कुठाय? वर कॅल्शियम नाही, मॅग्नेशियम नाही. मी ४-१८-३८ ची हायड्रोपोनिक्सवाली पावडर लिटरला ०.६ ग्रॅम, कॅल्शियम नायट्रेट ०.६, मॅग्नेशियम सल्फेट ०.३ घेतो, पालेभाजीला त्याच्या दोन तृतीयांशच. प्रत्येक गोष्ट भरपूर पाण्यात वेगवेगळी विरघळवून टाका, घट्ट घट्ट एकत्र केली की पांढरा गाळ बसतो आणि कॅल्शियम वाया. कॅल्शियम नायट्रेट ड्रिपवाल्या शेतकऱ्यांच्या दुकानात मिळतं.
बोअरचं पाणी निम्मं आणि आरओचं निम्मं करा. जूनमध्ये गच्चीवरचं पावसाचं पाणी साठवा, पहिले एक-दोन पाऊस सोडून.

मातीच_बरी
मेथीची जुडी वीस रुपयाला मिळते आणि हे लोक ॲसिड आणतायत 😀

कोथरूडची_काकू
@मातीच_बरी तुम्हाला कुणी बोलावलंय का?
@नवशिक्या ही रोपं फेकून दे, त्यात जीव नाही. टब ब्लीचच्या पातळ पाण्याने धू. उन्हाळ्यात लेट्यूसच्या नादी लागू नकोस, तुरा येऊन कडू होतं. पुदिन्याच्या काड्या लाव, भाजीवाल्याकडच्याच. ग्लासात आठ-दहा दिवसांत पांढरी मुळं फुटतात, मग टबात.

वाघोलीचा_नवशिक्या
मीटर आणला. बोअर ७८०, टँकर ६४०, आरओ ४५. पीएचचा थेंब टाकला तर पाणी गडद निळं झालं, डबीवरच्या तक्त्यात तो रंग शेवटचा आहे. टब काळा-पांढरा रंगवला, पुदिन्याच्या सहा काड्या खिडकीत ग्लासात ठेवल्यात, चार दिवस झाले, दोन काड्यांना बुडाशी पांढरे ठिपके दिसतायत. ही मुळंच ना? की बुरशी? फोटो टाकतो संध्याकाळी.