केल्टिक देवींची मालिका: गाठींची चौकट जोडावर चुकते, आणि देवी कॅलेंडरवरची दिसते

रेघोटी_कोथरूड
युरोपातल्या प्राचीन केल्टिक लोकांच्या ब्रिगिट, मॉरिगन (युद्धाची देवी) आणि एपोना (घोड्यांची देवी) अशी तीन डिजिटल चित्रं करायची आहेत. उभा ए३, प्रिंट पुण्यातच काढायची. आकृती कृता या रंगकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये, गाठींची चौकट इंकस्केप या रेघांच्या सॉफ्टवेअरमध्ये.

चौकटीचा पाव भाग काढून तो आडवा आणि उभा पलटवून पूर्ण केला. तुकडे सुटे बघितले तर निर्दोष, पण जोडावर पेड लागोपाठ दोनदा वरून जातो. ती फुली (पेड एकमेकांना छेदतात ती जागा) सुधारली की चूक पुढच्या फुलीवर सरकते. दुसरी अडचण अशी की तिन्ही देवी एकसारख्या दिसतात: मोकळे केस, हिरवा झगा, मागे त्रिवलय (तीन जोडलेली वलयं), कपाळावर चंद्रकोर. मॉरिगनला काळे कपडे आणि कावळा दिला, तरी व्हिडिओ गेमच्या जाहिरातीपलीकडे जात नाही. कुठली चिन्हं खरी धरायची? आणि चाचणी प्रिंटमध्ये हिरवा मेला, रात्रीच्या आकाशात पट्टे आले. ते का?

तीनपेडी
गाठीचं आधी. चूक फुलीत नाही, पलटवण्यात आहे. आळीपाळीने वर-खाली जाणाऱ्या गाठीला शंखासारखं डावं-उजवं वळण असतं आणि आरशात ते उलटं होतं. जोडावरून जाणारा पेड पलीकडे स्वतःच्याच प्रतिबिंबाला भेटतो. अलीकडची शेवटची फुली त्याने वरून ओलांडली असेल, तर पलीकडची पहिलीही वरूनच येणार. एक फुली सुधारून चूक जात नाही, कारण पलीकडचा अख्खा तुकडा उलटा आहे.

त्यामुळे पाव भाग पलटवायचाच असेल तर फक्त पेडाची मधली रेघ पलटवा, वर-खाली काही ठरवू नका. चारही तुकड्यांची टोकं जोडून रेघा बंद झाल्या की मगच गाठ घाला. नाहीतर अर्धी चौकट पूर्ण करून ती १८० अंशांत फिरवा. फिरवण्याने वळण बदलत नाही.

चौकट चार सुट्या आयताकृती पट्ट्यांची केलीत तर हिशेब सोपा होतो. ठिपक्यांची जाळी मांडा, ठिपक्यांमधलं अंतर १२० पिक्सेल. शेजारच्या दोन ठिपक्यांच्या बरोबर मध्ये एकेक फुली येते, पेड ४५ अंशांत जातात आणि कडेला वळून परत येतात. दक्षिणेकडच्या कोलममध्ये ठिपक्यांभोवती फिरणारी रेघ हीच. आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपके जोडतो, इथे ते टाळून जायचं. आयतात किती पेड बनतील हे रांगा आणि स्तंभ यांचा मसावि सांगतो. ३ बाय ४० ठिपक्यांत एकच पेड अख्खी पट्टी फिरून येतो. ३ बाय ३९ केलंत तर तीन वेगळे पेड होतात. ब्रिगिटला मुद्दाम ३९ घ्या, कारण जुन्या आयरिश शब्दकोशात ब्रिगिट नावाच्या तीन बहिणी आहेत: कवितेची, वैद्यकीची आणि लोहारकामाची.

नुसती वेणी कंटाळवाणी दिसते. मधल्या काही फुल्या तोडून पेड शेजारून वळवले की नक्षी तयार होते. दोन वेगळे पेड जिथे छेदतात ती फुली तोडली तर ते एक होतात. एकाच पेडाची स्वतःशी असलेली फुली तोडली तर तो कधी दुभंगतो, कधी नाही. म्हणून प्रत्येक तोडीनंतर बोटाने फिरून मोजा.

जाडी: १२० च्या जाळीत समांतर पेडांमधलं अंतर सुमारे ८५ पिक्सेल पडतं. पेड ५० चा ठेवा, ३५ मोकळे राहतील. ६५ च्या वर गेलात की मागची जमीन दिसेनाशी होते आणि गाठीची चटई होते.

इंकस्केपमध्ये सगळ्या रेघा एकत्र जोडून एकच पाथ करा, त्यावर ‘नॉट’ हा पाथ इफेक्ट लावा. नोड टूल घेतलं की फुलीवर एक खूण दिसते. ती ओढून हव्या त्या फुलीवर न्या, क्लिक केलं की वर-खाली बदलतं. काठ हवा असेल तर रेघेचं रूपांतर आकारात करून त्याला आउटलाइन देऊ नका, तुटलेल्या टोकांनाही काठ लागतो आणि पेड कापलेल्या फितीसारखा दिसतो. एकाच पाथच्या दोन प्रती ठेवा, खाली ५० ची गडद, वर ३८ ची पिवळी. खालून जाणाऱ्या पेडात इफेक्ट जी फट सोडतो, ती रेघेच्या जाडीवर अवलंबून ठेवण्याची टिक काढून दोन्हींना एकच आकडा द्या. नाहीतर दोघींच्या फटी वेगळ्या पडतात.

उत्खनन_पेठ
चिन्हांचा घोळ असा की ‘केल्टिक’ नावाखाली चार हजार वर्षं एका पानावर येतात. आयर्लंडमधल्या न्यूग्रेंज या अश्मयुगीन थडग्यातलं तिहेरी वलय इ.स.पूर्व ३२०० च्या सुमाराचं, केल्टिक भाषा तिथे पोचण्याच्या कितीतरी आधीचं. वळणदार, पानांसारखी फुगत-निमुळती होत जाणारी नक्षी ला तेन शैलीची (लोहयुगातली केल्टिक कला), साधारण इ.स.पूर्व ४५० पासून पुढची. आणि वर तीनपेडींनी सांगितलेल्या गाठी सातव्या ते नवव्या शतकातल्या ख्रिस्ती हस्तलिखितांतल्या. त्यांतलं प्रसिद्ध केल्सचं पुस्तक इ.स. ८०० च्या आसपासचं. एपोनाभोवती गाठींची चौकट म्हणजे सातवाहनकालीन यक्षीला पेशवाई नथ.

एक देवी, एक काळ असं ठरवा. पुढचं बरंचसं आपोआप सुटतं.

एपोना सोपी, कारण तिची रोमन काळातली शिल्पं भरपूर आहेत. ती घोडीवर एका बाजूला पाय सोडून बसते किंवा दोन घोड्यांच्या मध्ये. सोबत शिंगरू, हातात फळांची टोपली किंवा पसरट थाळी. अंगावर पायघोळ वस्त्र. रोमन घोडदळाची देवता असूनही हातात शस्त्र नाही, हे चित्रात जपा. नावातला ‘एपो’ आणि आपला ‘अश्व’ एकाच मुळाचे. चौकट रोमन दगडी कोनाड्याची करा: दोन खांब, वर त्रिकोण.

मॉरिगनची प्राचीन मूर्ती म्हणून खात्रीने दाखवता येईल असं काही नाही, सगळं मध्ययुगीन आयरिश कथांतलं. आणि तिथे ती काळ्या कपड्यांत नाही! एका कथेत ती लाल भुवयांची, लाल अंगवस्त्रातली बाई म्हणून रथात येते. रथाला एकच पाय असलेला तांबडा घोडा आणि रथाचा दांडा त्याच्या अंगातून आरपार गेलेला. गेमच्या पोस्टरपेक्षा हे कितीतरी भयंकर आहे. दुसऱ्या कथेत ती ईल मासा, लांडगी आणि लाल कानांची पांढरी कालवड होते.

कावळा काढाल तर खिडकीतल्या कावळ्याचा फोटो वापरू नका. तिच्याशी जोडला जातो तो करड्या अंगाचा हुडेड क्रो. त्याची पाठ आणि पोट पूर्ण राखाडी. डोकं, गळा, पंख, शेपूट काळी, आणि दोन्हींची सीमा स्पष्ट. आपल्या गावकावळ्याचा राखाडी रंग मान आणि छातीपुरता असतो आणि काळ्यात विरघळत जातो. डोमकावळ्यात तर राखाडी नाहीच.

ब्रिगिटसाठी गाठी चालतील, कारण तिच्याबद्दलचा लेखी मजकूर त्याच काळातला. नावाचं नातं संस्कृत ‘बृहती’शी सांगतात, अर्थ उंच, थोर. सण १ फेब्रुवारीचा, म्हणजे हिरव्यागार रानापेक्षा ओलसर, फिकट, नुकती उजाडणारी थंडी. भट्टीचा नारिंगी प्रकाश त्यावर उठून दिसतो. ओगम या जुन्या आयरिश लिपीत नाव घालायचं तर दगडाच्या कडेवर, खालून वर वाचलं जाईल असं. ब: उजवीकडे एक रेघ. र: कडेला तिरक्या छेदणाऱ्या पाच. इ: कडेवरच पाच खाचा. ग: तिरक्या दोन. पुन्हा इ. शेवटी त: डावीकडे तीन. उत्तर युरोपातली रून अक्षरं घालू नका, ती दुसऱ्याच लोकांची.

गळ्यातला टॉर्क म्हणजे आपल्या हासळीचा भाऊ, पण उघडी बाजू पुढे, दोन जाड टोकं कंठाशी. मागे आकडा असलेला हार काढला की संपलं.

रेघोटी_कोथरूड
म्हणजे त्रिवलय आणि चंद्रकोर दोन्ही जाणार. पण मग तिन्ही चित्रं एका मालिकेतली कशी वाटतील, चौकटी वेगळ्या झाल्या तर? कॅलेंडरवरच्या देवीसारखी समोर बघणारी मुद्रा तरी ठेवू का?

उत्खनन_पेठ
मुद्रा ठेवा, ती परकी नाही. डेन्मार्कच्या दलदलीत १८९१ मध्ये सापडलेल्या गुंडेस्ट्रुपच्या चांदीच्या कढईवर एका पत्र्यात समोर बघणारी देवी आहे आणि दोन्ही बाजूंना हत्ती! आपल्याला गजलक्ष्मीच आठवते. (त्यावरून इंटरनेटवर जे निष्कर्ष काढतात, ते सोडा.) कॅलेंडरपणा येतो तो मुद्रेमुळे नाही. गुलाबी गाल, सगळीकडून सारखा उजेड आणि डोक्यामागचं तेजोवलय, ही तीन काढा. प्रकाश एकाच बाजूने टाका.

मालिका रंगांनी बांधा. केल्सच्या पुस्तकात पिवळ्याला हरताळ, लालला शेंदूर, हिरव्याला तांब्याचा जंगाल आणि निळीच्या जातीचा निळा. हे चार आणि चामड्याचा पिवळट पांढरा, बस्स. पोथीत चुकलेल्या अक्षरांवर फासायचे तोच हरताळ, म्हणजे लिंबाचा नव्हे, किंचित नारिंगीकडे झुकलेला पिवळा. एपोनाच्या काळाला हे रंग काटेकोर नाहीत, पण मालिकेसाठी एवढी सूट चालावी.

तीनपेडी
ला तेन वलयं काढायची झाल्यास कृताचा मल्टिब्रश (एका वेळी अनेक जागी रेघ काढणारा) घ्या आणि ब्रशची संख्या ३ करा. आयपॅडवर प्रोक्रिएट असेल तर तिथली वर्तुळाकार सममिती आठ भागांची आहे, तीन मिळत नाहीत. एक हात काढून त्याच्या दोन प्रती १२० आणि २४० अंशांत फिरवाव्या लागतात. फिरवण्याचं केंद्र त्या हाताच्या मधोमध जातं, म्हणून त्याच लेअरवर केंद्राभोवती एक मोठं वर्तुळ आधी काढून ठेवा, शेवटी पुसा.

छापखाना_नारायणपेठ
प्रिंटचं. हिरवा मेला कारण पडद्यावरचा झळाळता हिरवा चार शाईंत बसतच नाही. दुकानातून त्यांच्या मशीनची आणि कागदाची आयसीसी प्रोफाइल (त्या मशीनवर रंग कसे उतरतात हे सांगणारी फाइल) मागा, ती कृतामध्ये घालून कंट्रोल-वाय दाबा. छापील रंग काम करतानाच दिसतो. जंगालसाठी आरजीबी ७०, १३०, १०० च्या आसपास राहा, टिकतो.

पट्टे शाईमुळे नाहीत. आठ बिटमध्ये, म्हणजे ० ते २५५ या पायऱ्यांत, १० ते ४० या उजेडाच्या ग्रेडियंटला जेमतेम तीस पायऱ्या मिळतात. त्या ३००० पिक्सेलवर पसरल्या की प्रत्येक पायरी १०० पिक्सेलची पट्टी होते. फाइल सुरुवातीपासून सोळा बिटची ठेवा आणि आकाशावर एक-दोन टक्के नॉइज (बारीक दाणे) टाका. आठ बिटमध्ये रंगवून नंतर सोळा केलंत तर पायऱ्या तशाच राहतात.

कॅनव्हास ३५०८ बाय ४९६१ घेतला असाल तर कापायला जागा नाही. चारही बाजूंना ३ मिमी जास्त धरून ३५७९ बाय ५०३२, ३०० डीपीआय. गाठींची चौकट कापाच्या रेषेपासून किमान १० मिमी आत ठेवा. कागद कापायचं गिलोटिन एखादा मिलिमीटर सरकतंच, आणि समांतर चौकट असली की तो मिलिमीटर लांबून दिसतो. ओगमच्या रेघा १ मिमीपेक्षा बारीक नकोत, म्हणजे १२ पिक्सेल. चकचकीत कागद टाळा. मॅट घेतलात तर पहिली प्रिंट ए४ वर काढून दिवसाच्या उजेडात बघा, मॅटवर काळोख आणखी भरून येतो.