निधर्मी कायद्याच्या पायात चर्चचे दगड?

पायरीचा_दगड (धागाकर्ता)
धर्म मागे हटला आणि मोकळ्या झालेल्या जागेत विवेकाने आधुनिक कायदा उभारला, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. मला ती निम्मीच पटते. युरोपातला निधर्मी कायदा चर्चशी भांडून घडला, तसाच चर्चच्या कायदेपंडितांच्या हातूनही घडला. प्रेम-करुणेच्या उपदेशाबद्दल बोलत नाहीये मी. चर्चची न्यायालयं, तिथली कार्यपद्धती, याबद्दल बोलतोय.

१२१५ सालचं उदाहरण घ्या. तोवर आरोपी दोषी की निर्दोष हे दिव्य करून ठरायचं. तापलेलं लोखंड हातात धरायचं, किंवा बांधून पाण्यात सोडायचं. बुडाला तर निर्दोष, तरंगला तर दोषी. (हो, असंच. पवित्र पाणी पाप्याला आत घेत नाही म्हणे.) पण ते पाणी पवित्र करायला पाद्री लागायचा. रोमला भरलेल्या चर्चच्या चौथ्या लॅटरन परिषदेने पाद्र्यांना यात भाग घ्यायलाच मनाई केली. चमत्कार दाखव म्हणून देवाला वेठीला धरायचं नाही, ही हरकत धर्मशास्त्राची. धक्का मात्र बसला कोर्टांना. इंग्लंडमध्ये आरोपी तुरुंगात पडून आणि निवाडा करायची रीतच शिल्लक नाही, अशी पंचाईत झाली. त्यातूनच फौजदारी खटल्यातली ज्यूरी पुढे आली. देवाचा कौल गेला, गावच्या बारा माणसांचा आला. याहून निधर्मी पाऊल कुठलं? आणि ते टाकायला लावलं पोपने बोलावलेल्या परिषदेने.

तिरकी_रेघ
सोयीचं तेवढंच सांगितलंत. ज्यूरी इंग्लंडात आली. उरलेल्या बऱ्याच युरोपात त्या रिकाम्या जागी न्यायाधीशानेच तपास करायचा अशी चौकशीची पद्धत आली आणि कबुलीजबाब हा पुराव्यांचा राजा झाला. कबुली हवी तर ती काढायलाही हवी. १२५२ मध्ये चौथ्या इनोसंट पोपने पाखंड्यांच्या छळाला रीतसर परवानगी दिली. हेही चर्चच्या कायदेपंडितांचंच काम ना? १५५३ मध्ये सर्व्हेटस या पाखंडी ठरवलेल्या स्पॅनिश विद्वानाला जिनिव्हात जिवंत जाळलं, तेही पोपपासून फुटलेल्या प्रोटेस्टंट सुधारणावाद्यांच्या शहरात. १६९७ मध्ये एडिंबराला थॉमस एकनहेड या विशीतल्या विद्यार्थ्याला ईशनिंदेसाठी फाशी दिली. आज आपण ज्याला हक्क म्हणतो ते या सगळ्याला विटलेल्या माणसांनी मिळवले.

पायरीचा_दगड
छळ रोमन कायद्यातही होता, चर्चने तो उचलला. मान्य, उचलायला नको होता. पण त्याच परंपरेत १३००च्या सुमारास योहानेस मोनाकस या कार्डिनलने लिहून ठेवलं की गुन्हा शाबीत होईपर्यंत प्रत्येकाला निर्दोष धरावं, आणि बाजू ऐकून घेतल्याशिवाय पोपनेही कुणाला दोषी ठरवू नये. आधार कशाचा? बायबलमध्ये सर्वज्ञ देवानेसुद्धा पहिल्या माणसाला, आदामला, आधी हाक मारून विचारलं, मग शिक्षा दिली!

उंबराचं_फूल
तुम्ही दोघंही शिकवणुकीचे गुण-दोष मोजताय. मला यात राजकारण जास्त दिसतं. बिशप, म्हणजे चर्चचे प्रांतप्रमुख, कुणी नेमायचे यावर भांडण. १०७७ मध्ये जर्मन राजा चौथा हेन्री इटलीतल्या कानोसाच्या किल्ल्याबाहेर बर्फात उभा राहून पोप सातव्या ग्रेगरीची माफी मागतो; काही वर्षांनी तोच हेन्री त्या पोपला रोममधून पळायला लावतो. शेवटी ११२२ मध्ये जर्मनीतल्या वर्म्सला तडजोड होते: बिशपला धार्मिक अधिकार चर्चने द्यायचे, जमीनजुमला सम्राटाने. दोन पैलवान बरोबरीत सुटले आणि मधली जागा मोकळी राहिली. हा जर ख्रिस्ती धर्माचाच गुण असता तर पूर्वेकडच्या रोमन साम्राज्याच्या राजधानीत, कॉन्स्टँटिनोपललाही असंच घडायला हवं होतं. धर्म तोच, पण तिथे पॅट्रिआर्कला, म्हणजे मुख्य धर्मगुरूला, सम्राटासमोर असा शड्डू ठोकता आला नाही.

रात्रपाळी
उंबराशी बरंचसं सहमत, पण रॉजर विल्यम्स विसरू नका. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीच्या प्युरिटनांनी, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंटांनी, हाकललेला हा धर्मोपदेशक. १६३६ मध्ये त्याने प्रॉव्हिडन्स वसवलं आणि १६४४ मध्ये लिहिलं की चर्चची बाग आणि जगाचं रान यांच्यात भिंत हवी. काळजी बागेची होती, म्हणजे धर्माची! अमेरिकेचा अध्यक्ष जेफरसनने भिंतीची उपमा वापरली ती १८०२ मध्ये.

तिरकी_रेघ
आणि १८६४ मध्ये पोप नवव्या पायसने प्रमाद म्हणून जी यादी काढली तिच्यात चर्च आणि राज्य वेगळं करणं हाही एक प्रमाद होता. रोमने, म्हणजे कॅथलिक चर्चने, धर्मस्वातंत्र्य अधिकृतपणे मान्य केलं १९६५ मध्ये. शंभर वर्षं विरोध करायचा आणि मग वारसाहक्क सांगायचा, याला काय म्हणावं?

पायरी, या वादाचा आज उपयोग कसा होतो तेही बघा. इटलीच्या सरकारी शाळांत वर्गाच्या भिंतीवर क्रूस असतो. प्रकरण युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेलं तेव्हा सरकारचं एक म्हणणं होतं की हा क्रूस लोकशाहीच्या मूल्यांचंही प्रतीक आहे. २००९ मध्ये सरकार हरलं, २०११ मध्ये मोठ्या पीठापुढे १५ विरुद्ध २ ने जिंकलं. तुमचाच युक्तिवाद, फक्त खिळ्याला टांगलेला.

पायरीचा_दगड
माझा नाही तो. उगम सांगणं वेगळं, मालकी सांगणं वेगळं. १९४८चा संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा बघा. मसुदा करणाऱ्यांत लेबनॉनचे चार्ल्स मलिक होते, श्रद्धाळू ख्रिस्ती. चीनचे पेंग चुन चांगही होते. देवाचा उल्लेख नको, तो सगळ्या जगाला लागू पडणार नाही, असं म्हणणारे. पहिल्या कलमात देव आला नाही, माणसाची प्रतिष्ठा आली. मलिक त्यामागे उभे राहिलेच की.

तिरकी_रेघ
जाहीरनामा राहू द्या. क्रूस भिंतीवरून उतरवायचा की नाही, तेवढं सांगा.

पायरीचा_दगड
उतरवायचा. सरकारी शाळा आहे, येणं सक्तीचं आहे, मुलं लहान आहेत. पण इतिहासाच्या तासाला १२१५ शिकवायचं, आणि १२५२ सुद्धा.

रात्रपाळी
शिकवणार कोण? तो शिक्षक नेमण्यावरून वेगळा धागा निघेल.